बेला बसली आहे

मी आर्मीत कुत्रा घेऊन चालायचं काम केलं. डॉग हँडलर. शेवटची पोस्टिंग काश्मीर खोऱ्यात होती. तिथे रोजचं काम एकच. सकाळी कॉन्व्हॉय निघायच्या आधी रस्ता तपासायचा. ही रोड ओपनिंग पार्टी. सगळ्यात पुढे कुत्रा, त्याच्यामागे हँडलर, मग बाकीची पार्टी. आणि बऱ्याच मागे जवानांनी भरलेल्या गाड्या, रस्ता मोकळा असल्याचा निरोप येईपर्यंत थांबलेल्या.

बेला आमच्या युनिटची स्फोटकं हुंगणारी कुत्री. पिवळसर लॅब्रेडोर, छाती रुंद, कपाळावर एक जुना ओरखडा. तिचा पहिला हँडलर मी नव्हे. नायक दत्ताराम सावंत. मूळचा मालवणकडचा, वाढला मुंबईत, कॉटन ग्रीनला. मी परळचा. युनिटमध्ये मराठी बोलायला आम्ही दोघंच. तो बेलाशीसुद्धा मालवणीतच बोलायचा. कमांड इंग्रजीत, बाकी गप्पा मालवणीत. सुभेदार साब म्हणायचे, सावंत, कुत्ती को भी कोंकण का बना दिया.

लोकांना वाटतं, असा कुत्रा बॉम्ब सापडला की भुंकतो. तो भुंकत नाही, उकरतही नाही. तो बसतो. वासाच्या जागेकडे तोंड करून बसतो आणि हलत नाही. हँडलर बोलावेपर्यंत तिथेच. तेच त्याचं सांगणं. मग त्याला त्याचा चेंडू मिळतो. त्या कुत्र्याची सगळी नोकरी त्या चेंडूसाठी असते. बाकी पगार, पेन्शन, मेडल हे आपल्याला.

दिवसाची सुरुवात तपासणीने. नाक ओलं आहे का, डोळे स्वच्छ आहेत का, हिरड्या गुलाबी आहेत का. पंजाच्या बोटांमध्ये काटा, काच, गोचीड. कानाचा वास घ्यायचा. कान आतून बिघडत असेल तर आधी वास येतो. मग ब्रश. मग फिरणं, मग काम, कामानंतर विश्रांती, आणि अंग थंड झाल्यावरच खाणं. हा क्रम बर्फात मोडला नाही, गोळीबार झालेल्या दिवशीही मोडला नाही. कुत्र्याला पुढे काय होणार ते कळत असलं की तो शांत असतो. माणसांचंही तसंच असावं.

एका सकाळी रस्त्याच्या मोरीजवळ बेला बसली. मी दुसरा कुत्रा घेऊन मागे होतो. रेडिओवर दत्ताचा आवाज आला.

"डॉग बैठा है. पार्टी पीछे. ओव्हर."

पार्टी मागे सरली. त्यानंतर स्फोट झाला. दत्ता जागेवर गेला. बेला जिवंत सापडली, डाव्या कानातून रक्त येत होतं. त्या कानाने तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

तिला माझ्याकडे दिलं. तिने खाणं सोडलं होतं. व्हेटरनरी ऑफिसर साहेबांनी सलाइन लावलं आणि मला म्हणाले, "कांबळे, इसके पास बैठो. कुछ करो मत. बस बैठो." मी माझी घोंगडी तिच्या केनेलमध्ये नेली. कुरवाळलं नाही, नावाने हाक मारत बसलो नाही. घाबरलेल्या जनावराला आपली घाई कळते. मी ब्रश केला, पंजे बघितले, भांड्यात ताजं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. एका दुपारी तिने माझ्या बुटावर हनुवटी ठेवली आणि मग पेजेच्या भांड्याला तोंड लावलं.

बरी झाल्यावर तिची पुन्हा चाचणी झाली. पास झाली. आम्ही दोघांनी एकत्र बरीच वर्षं रस्ते तपासले. तिचं निवृत्तीचं वय झालं तेव्हा माझेही कागद निघाले होते. निवृत्त कुत्री आता घरी देतात. मी अर्ज केला आणि बेलाला परळला घेऊन आलो.

चाळीत मला सगळे मेजर म्हणतात. मी मेजर नव्हतो, हवालदार होतो. पण मुंबईत हवालदार म्हटलं की लोकांना पोलीस वाटतो. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. माझी बायको शोभा आधी साशंक होती. एवढ्याशा जागेत एवढी मोठी कुत्री. आठवडाभरात बेला तिच्या शिलाई मशीनच्या पायाशी झोपायला लागली आणि विषय संपला.

दत्ताची आई अजून कॉटन ग्रीनलाच राहते. वडील गोदीत होते, ते आधीच गेले. मी आल्याचं कळल्यावर काकी स्वतः आल्या. खोलीत आल्या, माझ्याकडे बघितलं नाही, शोभाकडेही नाही. खाली बसल्या. बेला उठली, त्यांच्या पदराचा वास घेतला, हाताचा घेतला, मग मांडीवर डोकं टाकलं. काकी तिच्या मेलेल्या कानावरून हात फिरवत राहिल्या. शेवटी आपल्या मुलाबद्दल एवढंच म्हणाल्या, "हिनाच माझ्या झिलाक शेवटचा बघल्यान."

मीही बघितलं होतं. पण काकींनी मला कधी काही विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं नाही. त्या दर रविवारी यायच्या. डब्यात बिनमिठाचा भात आणि उकडलेली कोंबडी. बेलाशी बोलायच्या. दत्ताबद्दलही तिच्याशीच बोलायच्या, लहानपणच्या गोष्टी. ती ऐकून घ्यायची. मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो.

आम्ही बौद्ध. दिवाळीचं आमच्या घरी विशेष काही नसतं, पण चाळीतून फराळाच्या थाळ्या येतात आणि आम्ही त्या आनंदाने घेतो. पहिली दिवाळी जवळ आली तशी चाळीतली प्राणी पाळणारी मंडळी माझ्याकडे यायला लागली. शेजारच्या पवार वहिनींची मांजर फटाक्यांच्या दिवसांत दरवर्षी खायचं सोडून द्यायची. खालच्या मजल्यावरचा पॉमेरेनियन मागच्या वर्षी पळून माहीमला सापडला होता. मी त्यांना जे येतं ते सांगितलं. फिरवणं दुपारीच उरका. अंधार पडायच्या आधी खाऊ घाला. खिडक्या लावा, पंखा मोठा करा, टीव्ही चालू ठेवा. गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर लिहा. मांजर कपाटात शिरली तर शिरू द्या, ओढून काढू नका, तो तिचा खंदक आहे. चॉकलेट देऊ नका, बेदाण्याची करंजी देऊ नका. माणसाची झोपेची किंवा तापाची गोळी तर अजिबात नाही. औषध द्यायची वेळ आलीच तर डॉक्टरांना विचारून. आणि तुम्ही स्वतः घाबरू नका.

वहिनी म्हणाल्या, "तुमच्या बेलाला काय फरक पडणार मेजर? ती लढाई बघून आलेली."

मलाही वाटलं होतं की आवाजाचा तिला त्रास होणार नाही. झालाही नाही. आवाजाकडे तिने लक्षच दिलं नाही. तिला त्रास झाला वासाचा.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी तिला खाली घेऊन उतरलो. चाळीच्या दारात कोणीतरी लवंगी फोडली होती, कागदाचे लाल तुकडे पडले होते. बेलाचं नाक खाली गेलं. शेपटी ताठ झाली. ती दोन पावलं सरकली आणि बसली.

मी तिला पुढे नेलं. पानवाल्याच्या बाजूला फटाक्यांचं टेबल होतं. ती बसली. पुढच्या जिन्याखाली कोणाचं तरी खोकं होतं. बसली. बारूद ते बारूद. तिला कोणी सांगितलं नव्हतं की हे फटाके आहेत, पोरं हसत फोडणार आहेत. तिला जे शिकवलं होतं त्याप्रमाणे आख्खं लालबाग-परळ सुरुंगांनी भरलेलं होतं. आणि प्रत्येक ठिकाणी बसून ती माझ्याकडे बघत होती. कळलं का? कळलं का?

लोक कौतुकाने बघत होते. "काय ट्रेनिंग आहे," एक जण म्हणाला. "जिथे तिथे बसते, मस्त."

मी तिला उचलून वर आणलं.

वर आणूनही थांबलं नाही. वास दाराच्या फटीतून येत होता. ती दाराकडे तोंड करून बसली. चेंडू दिला तर तिला वाटे, शाबास, आता पुढचा शोध. उठून ती खोली हुंगायला लागे. चेंडू दिला नाही तर बसून राही, कारण मी अजून उत्तर दिलं नव्हतं. दोन्हीकडून कोंडी. जेवण समोर ठेवलं, बघितलंही नाही. जीभ बाहेर, धाप चालू. मी दार ओल्या चादरीने बंद केलं. शोभाने धूप लावला, मग कापूर, मग फिनेलने लादी पुसली. त्या नाकापुढे कशाचाच उपयोग नव्हता. फिनेलच्या खालून बारूद शोधायला तर आम्हीच तिला शिकवलं होतं.

सकाळी डॉक्टर मॅडमकडे नेली. जवळच्याच जनावरांच्या हॉस्पिटलात त्या बसतात, तरुण आहेत. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. एक्स-रे काढला.

"हार्ट वाढलंय काका. वय झालंय तिचं. अशी धापा टाकत राहिली तर फुप्फुसात पाणी होईल."

"झोपेचं इंजेक्शन?"

"हलकं देते. पूर्ण झोपवायचं तर हार्ट झेपणार नाही. तिला इथून बाहेर काढा. जिथे फटाके कमी असतील तिथे."

गावी नेण्याइतका प्रवास तिला सोसणार नव्हता. मी काकींना फोन केला. कॉटन ग्रीनला त्यांच्या बाजूला जुनी गोदामं आहेत, वस्ती विरळ. "हडे घेऊन ये," काकी म्हणाल्या. "माझ्या खोलयेत कोण फटाके लावणा नाय."

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी निघायचं ठरलं. औषधं, तिची चादर, पाण्याचं भांडं, सगळं पिशवीत भरून दाराशी ठेवलं. टॅक्सी सांगितली. ती ट्रॅफिकमध्ये अडकली. ड्रायव्हर फोनवर म्हणत होता, भाई, नाके पे हूँ, हिल ही नहीं रहा. ऊन उतरलं. दिवेलागण झाली. बेला दाराकडे तोंड करून बसलेली. इंजेक्शनने तिच्या पापण्या जड झाल्या होत्या तरी बसलेली. ड्रायव्हरचा फोन आला, गेटला पोचतोय. मी बूट घालायला वाकलो, शोभाने पट्टा हातात घेतला, आणि त्याच वेळी पवार वहिनींनी बाहेरून दार ढकललं. दोन्ही हातांत थाळी, वर विणलेला रुमाल. "मेजर, फराळ..."

बेला त्यांच्या आणि चौकटीच्या मधून निघून गेली. ती धावली नाही. नाक खाली घालून, कामाच्या चालीने गेली. म्हणून कोणाच्या लक्षात यायला क्षणभर उशीर झाला. थाळी पडली. मी एका बुटाने जिना उतरलो.

खाली माणसंच माणसं. नवे कपडे, आकाशकंदील, धूर. मी आरडाओरडा केला नाही. एकेकाला विचारत गेलो. पिवळी कुत्री बघितली? मोठी. पिवळी. एका बाईने लालबागच्या बाजूला हात केला. फुलवाल्याने उलट्या बाजूला. शोभा एकीकडे गेली, मी दुसरीकडे. हाक मारत होतो, पण एका कानाची कुत्री, त्यात एवढा आवाज. ती मला ऐकणार नव्हती. मलाच ती दिसायला हवी होती. आणि मी विचार केला की ती कुठे असेल. जिथे सगळ्यात जास्त बारूद, तिथे.

मंडळाची पोरं दरवर्षी नाक्यावर मोठी माळ लावतात. आमच्या गल्लीच्या तोंडापासून नाक्यापर्यंत पसरलेली, शेवटाला सुतळी बॉम्बचा गठ्ठा. मी वळलो तेव्हा माळ पेटली होती. लोक दोन्ही बाजूंना कानावर हात धरून उभे. आणि त्या टोकाला, मोकळ्या रस्त्याच्या मधोमध, गठ्ठ्याकडे तोंड करून बेला बसली होती.

लोक ओरडत होते. हाड, हाड. कोणी चप्पल फेकली, ती तिच्या पाठीला लागली. ती हलली नाही. हँडलर बोलावेपर्यंत हलायचं नसतं.

ज्याने माळ लावली तो नितीन, मंडळाचा कार्यकर्ता, पायाने माळ तोडायला बघत होता. जळती माळ पायाने तुटत नाही. मी माळेच्या कडेने धावलो. आग माझ्या बरोबरीने धावत होती, थोडी पुढे, थोडी मागे. मला त्या वेळी मोरीचा रस्ता दिसला, असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. तसं काही दिसलं नाही. मला फक्त तिची पाठ दिसत होती आणि मी तिच्या ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूने पोचायला बघत होतो.

पोचलो. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत भीती नव्हती. तिचं काम झालं होतं, ती दाखवत होती. मी तिला छातीशी घेतली, वळलो, आणि गठ्ठा उडाला. पोटरीला चटका बसला, पँट पेटली, कोणीतरी वर पाणी ओतलं. तिला भाजलं नव्हतं. मी तिला खाली ठेवलं, तोंड उघडून बघितलं. हिरड्या गुलाबी नव्हत्या, राखेसारख्या होत्या. जीभ निळसर. पुढचे पाय मुडपले आणि ती कुशीवर पडली.

टॅक्सी गेटला उभी होती, पण तिला पुढे जायला रस्ताच नव्हता. मी तिला उचलून चालायला लागलो. नितीन मागून आला. तोंड धुराने काळं.

"मेजर, मी धरतो पुढून."

"डोकं वर ठेव. छाती दाबू नको."

"मला दिसली नाही हो. आईशपथ, लावली तेव्हा नव्हती ती."

"माहीत आहे. चाल."

आम्ही तिला दोघांच्या हातांवर तोलून नेलं. गर्दीला नितीन शिव्या देत होता, बाजूला व्हा म्हणत होता, मधेच रडत होता. प्रत्येक चौकात माळा. प्रत्येक आवाजाला नाही, प्रत्येक धुराच्या लोटाला बेला मान उचलायची. मी तिच्या नाकावर हात धरला तर श्वास अडेल, म्हणून तेही करता येईना.

डॉक्टर मॅडम हॉस्पिटलातच होत्या. त्या दिवशी भाजलेली कबुतरं, मांजरं, एक लंगडी गाय, सगळं त्यांच्याकडे आलं होतं. बेलाला टेबलावर घेतलं. ऑक्सिजन लावला, फुप्फुसातलं पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं. मी तिच्या डोक्याशी उभा राहिलो. दिवाळीचा आवाज भिंतीबाहेर राहिला होता, खोलीत बऱ्यापैकी शांतता होती. मला वाटलं, आता थांबेल.

थांबली नाही. ती उठायला बघत होती. मागचे पाय टेबलावर घसरत होते, पुन्हा पुन्हा जमवत होती. तिला बसायचं होतं.

"काका, धरा तिला," मॅडम म्हणाल्या. "हालचाल केली तर हार्ट बंद पडेल."

मी धरलं तर ती आणखी झटायला लागली. माझ्या डोळ्यांत बघत होती. मग तिचं नाक माझ्या छातीला लागलं आणि मला कळलं. बारूद माझ्या अंगावर होती. शर्टात, केसांत, जळक्या पँटमध्ये, हातांच्या रेषांत. ती मला शोधून बसत होती. मी तिथे उभा होतो तोवर तिची ड्यूटी संपणार नव्हती.

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दार दाखवलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. एवढ्या वर्षांत मी तिला आजारी असताना एकटीला सोडलं नव्हतं. बाहेर आलो. नितीनच्या अंगालाही तोच वास, त्यालाही आत जाता येईना. आम्ही दोघं बाकावर बसलो. आवारातल्या नळावर मी डोकं धुतलं, हात धुतले, साबण मागून आणून पुन्हा धुतले. कातडी सोलली असती तरी तो वास गेला नसता.

शोभाने काकींना फोन केला होता. काकी आल्या त्या शिवडीच्या बाजूने अर्धं अंतर पायीच. नऊवारी नाही, घरातली साधी साडी, तेल लावून घट्ट घातलेला अंबाडा. हातात भाताचा डबा. मी उठून उभा राहिलो. "काकी, मी आत जाऊ शकत नाही," म्हटलं आणि का ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. डबा माझ्या हातात दिला आणि आत गेल्या.

दाराला काच होती. मी काचेतून बघत होतो. काकींनी टेबलाशी स्टूल ओढलं. बेलाच्या तोंडाशी आपला तळहात नेला. खोबरेल तेल, भात, साबण, म्हातारपण. जे काय असेल ते. बारूद नव्हती. बेलाने हुंगलं. बराच वेळ हुंगत राहिली. काकी तिच्या चांगल्या कानाशी वाकल्या. नंतर मॅडमनी सांगितलं, त्या म्हणत होत्या, "पुरे झाला गो बाय. गावला सगळा. आता पड."

सगळं सापडलं, काम संपलं, असं दत्तानंतर तिला मालवणीत कोणी सांगितलं नव्हतं. ते तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. कुत्र्याला शब्दांपेक्षा स्वर कळतो. तिने मागचे पाय सैल सोडले. मान टेबलावर टेकवली. श्वास जोरात होता, पण झटणं थांबलं.

काकी उठल्या नाहीत. शोभाने घरून धुतलेले कपडे आणले, मी अंग पुसून ते घातले. तरी दोन वेळा आत जाऊन बघितलं आणि दोन्ही वेळा तिचं नाक हललं तसा मागे फिरलो. पाडव्याच्या सकाळी, फटाके थांबल्यावर, मॅडमनी मला बोलावलं. बाहेर झाडलोट चालू होती. हवा जरा स्वच्छ होती. मी आत गेलो तेव्हा बेलाने डोळे उघडले. नाक माझ्या मनगटाला लावलं. उठली नाही. मी सवयीने तिचे पंजे बघितले, बोटांमधे राख होती, ती ओल्या कापसाने पुसली. कान बघितले. हिरड्या बघितल्या. त्या बघून मला जे कळायचं ते कळलं.

"काका, औषध आता काम करत नाहीये," मॅडम म्हणाल्या.

"होय मॅडम."

मी तिच्या डोक्याशी आणि काकी तिच्या पाठीशी. तिला शेवटचं इंजेक्शन द्यायची वेळ आली नाही. श्वास लांब झाले, मग दोन श्वासांच्या मधलं अंतर लांब झालं, आणि मग पुढचा आला नाही. मी सॅल्यूट केला. आर्मीत आम्ही कुत्र्यांना करतो. नितीन दारात उभा होता, त्याने हात जोडले.

त्याच दिवशी तिचं दहन केलं. मी काकींना त्यांच्या खोलीवर सोडायला कॉटन ग्रीनला गेलो. त्यांनी स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं. भिंतीवर दत्ताचा युनिफॉर्ममधला फोटो. मी खाली बसलो. काकी पाठमोऱ्या होत्या.

"ती होती तवसर मी कोणाक इचारूक नाय," त्या म्हणाल्या. "आता तुझ्याशिवाय कोण नाय रवला. तू सांग."

"काय सांगू काकी?"

"त्या सकाळचा. सगळा."

मी सांगितलं. रिपोर्ट देतो तसं, क्रमाने. सकाळी दत्ताने चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून आत पडलं, तो स्वतःवरच हसला. थंडी होती. त्याने बेलाचे पंजे तपासले आणि एका बोटाला व्हॅसलिन लावलं. रस्त्यावर विरळ धुकं होतं. मोरीजवळ बेला बसली. त्याने रेडिओवर कळवलं आणि पार्टी मागे घेतली. मग बेलाला हाक मारली. वारा उलटा होता, तिला ऐकू गेलं नसावं. ती बसून राहिली. दत्ता पुढे गेला. त्याने तिला पट्ट्याला धरून फिरवलं आणि आमच्या दिशेने ढकललं. ती निघाली. तो तिच्यामागून वळत होता. तेवढ्यात कोणीतरी लांबून बटण दाबलं.

काकींनी स्टोव्ह बारीक केला.

"म्हणजे मोरीच्या बाजूक तो होतो? ती अलीकडे?"

"हो काकी. तो मोरीच्या बाजूला. ती आमच्या बाजूला."

त्यांनी आधणात चहापत्ती टाकली.

"आणि गाडयेतली माणसा?"

"सगळी घरी गेली. एकालाही खरचटलं नाही."

काकींनी चहा दोन कपांत गाळला. एक माझ्यासमोर ठेवला. फोटोकडे एकदा बघितलं.

"बरा केल्यान," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी दर रविवारी कॉटन ग्रीनला जातो. काकी विचारतात, मी सांगतो. तो कसा चालायचा, काय खायचा, कोणाची नक्कल करायचा, कुत्रीला कोणती गाणी ऐकवायचा. नायक दत्ताराम सावंत आणि बेला, आर्मी डॉग. दोघांनी रस्ता मोकळा केला आणि त्या रस्त्याने बाकीचे गेले. मीही त्याच रस्त्याने आलो.